टांगता माइक

सडक अर्जुनीच्या टेकचंद बिसेनला लोक आडनावाने ओळखतच नसत. तो सगळ्यांचा 'टेकचंद साउंड'. तीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं, थोड्यांचा आवाज पुष्कळांपर्यंत पोचवायचं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायला लागली की नाटकांचा हंगाम सुरू होई, आणि टेकचंदची गाडी माइक, बॉक्स आणि वायरींची भेंडोळी घेऊन या गावाहून त्या गावाला फिरे. स्टेजच्या आडव्या बांबूला तो माइक टांगायचा तो असा, की शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा नायिकेचा हुंदका कानाशी ऐकू यावा. ही ख्याती गावात जास्त करून त्याने स्वतःच पसरवली होती. तरी ती खोटी नव्हती.

म्हणून हायवेलगतच्या छोट्या चर्चचे पास्टर नंदलाल त्याच्याकडे आले, तेव्हा त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

"टेकचंदभाऊ, आमची रविवारची उपासना मोबाइलवर लाइव्ह दाखवाची हाय," पास्टर म्हणाले. "दोन रविवार मी खिशातला मोबाइलच उभा करून पाहिला. चेहरे दिसतात, आवाज भोपळ्यातून आल्यासारखा येते. मंडळीनं मिळून सामान घेतलं. पण लावन कोण? तुमच्याशिवाय मले तर कोणी दिसत नाई."

"आमी तर हनुमानाचे माणसं, पास्टरजी. चालन का?"

"वायर का जात इचारते का, भाऊ? आन् हे आपल्या गीताबाईसाठी हाय."

गीताबाईंचं नाव निघालं आणि टेकचंदचं 'विचार करून सांगतो' तोंडातल्या तोंडात राहिलं. गीताबाई म्हणजे त्याच्या चौथीच्या बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा ऑगस्टला भोंगा लावायचं काम त्यांनी वर्गातल्या सगळ्यात वांड पोराला दिलं होतं, आणि तो वांड पोरगा त्या दिवसापासून वायरीला जो चिकटला तो अजून सुटला नव्हता. बाईंनी चाळीस वर्षं चर्चमध्ये गाणं चालवलं. पहिल्या बाकावर उजव्या टोकाला त्यांची जागा. त्यांनी सूर धरला की बाकीच्यांनी उचलायचा. दसऱ्याच्या सुमारास अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्या अर्जुनी मोरगावला लेकीकडे, अंजूकडे, खाटेवर होत्या. मंडळीला वाटलं, बाईंना चर्चमध्ये आणता येत नाही तर चर्च बाईंकडे नेऊ.

सामान झकास होतं. छोटा मिक्सर, तीन-चार माइक, मिक्सरमधला आवाज मोबाइलमध्ये घालणारी एक डबी, आणि मोबाइल उभा करायला तिपाई. टेकचंदने सामान असं हाताळलं, जसं जाणता शेतकरी दुसऱ्याची बैलजोडी हाताळतो.

पहिल्या रविवारी सवयीने त्याने एको लावला. पास्टर म्हणाले, 'शांती असो', आणि ती शांती तीनदा परत आली. केशोराव म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ मागच्या बाकावरून म्हणाले, "पास्टर का विहिरीत उतरून बोलून राहिले का?" एको बंद झाला.

पण खरी चूक ती नव्हती. खरी चूक टेकचंदने पूर्ण अक्कल लावून केली.

नाटकवाल्याचा जन्माचा वैरी म्हणजे पब्लिकचा आवाज. शेंगदाणे फोडणारे, पोरं रडवणारे, मधेच शिट्टी मारणारे. तीस वर्षं टेकचंद या आवाजाशी लढला होता. आता चर्चमध्ये त्याला तोच वैरी दिसला. पन्नास माणसं, त्यांचं खोकणं, कुरकुरणारा एक पंखा, हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न, आणि गाण्यात कायम अर्धी ओळ मागे राहणारे केशोराव. टेकचंदने ठरवलं, हा सगळा कचरा बाईंपर्यंत जाऊ द्यायचा नाही. एक माइक पास्टरच्या ओठांशी, एक गाणाऱ्या तीन मुलींच्या ओठांशी, आणि मोबाइलही फक्त त्यांच्याकडेच रोखलेला. माइकसमोरचं कोणी थांबलं की माइक आपोआप बंद व्हावा, अशी सोय मिक्सरमध्ये होती. तीही त्याने लावली. पुढे उभं राहून मंडळीला सूचना दिली, "तुमी जरा हळू गा जी. तुमचा आवाज मशीनमदी नाई गेला पायजे."

मंडळी सालस, हळू गाऊ लागली. केशोराव रागावून गप्पच बसले. टेकचंदने कानाला हेडफोन लावला आणि खूश झाला. आवाज धुऊन पुसून ठेवलेल्या काचेच्या ग्लासासारखा. घरी त्याने बायकोला तीनदा ऐकवलं. जमुनाबाई म्हणाली, "चांगलं हाय. घरात मी बोलतो तो आवाजबी तुमी असाच बंद करून ठेवला हाय." टेकचंदने तेही कौतुकच धरलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी अंजूचा फोन आला.

"टेकचंदभाऊ, माय मोबाइल पाहूनच नाई राहिली. आज तर मधातच बंद केला, म्हणे आता लावू नको. आन् ते जाऊ द्या. डॉक्टरनं चालाले सांगतलं, वॉकर आणला, पण पाय खाली टेकत नाई. म्हणते, चालून जाऊ कोठी? डॉक्टर म्हणतात, या महिन्यात उभी नाई झाली तर खाटेवरच राहीन."

टेकचंदला दोन गोष्टी लागल्या. बाई उभ्या राहत नाहीत ही एक, आणि त्याचा आवाज कोणी बंद केला ही दुसरी. आधी कोणती लागली हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सोमवारी सकाळीच मोटरसायकल काढून तो अर्जुनी मोरगावला गेला.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, चष्मा पुसलेला. कोपऱ्यात वॉकर उभा होता आणि त्याच्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता. तो टॉवेल पाहून टेकचंदला फार वाईट वाटलं.

"ये गा टेकचंद," बाई म्हणाल्या. "बस. चर्चात किती लोक येतात आता?"

"पन्नासेक येतात न, बाई."

"खोटं बोलू नको."

"खरं बोलून राहिलो, बाई."

बाईंनी त्याच्या कानांकडे पाहिलं. चौथीत असताना टेकचंद खोटं बोलला की त्याचे कान लाल होत, आणि वर्गात ही गोष्ट फक्त बाईंना माहीत होती. कान लाल नव्हते, पण बाईंचं समाधान झालं नाही. उशीखालून मोबाइल काढून त्यांनी आदल्या दिवसाची उपासना लावली. "ऐक तूच."

टेकचंद ऐकू लागला. हेडफोन नाही, मिक्सर नाही, हात रिकामे. पास्टर म्हणाले, 'आता आपण सगळे मिळून गाऊ', आणि तीन मुली गायल्या. फक्त तीन. प्रार्थना संपली आणि एका माणसाने 'आमेन' म्हटलं. एकट्याने. त्यानंतर अशी शांतता पडली, की पास्टर रिकाम्या बाकांपुढे उभे आहेत असंच कोणालाही वाटावं.

"मी पडली आन् लोकायनं येणं सोडलं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "चाळीस वर्षं एक-एक माणूस घरून बोलावून आणला. एका महिन्यात सारे गेले. मंग मी कोणासाठी उभी राहू?"

"बाई, सारे आहेत. मीच त्यायचा आवाज बंद केला. साफ यावा म्हणून."

"केशोराव कोठी आहे मंग? मी त्याले चाळीस वर्षं ताल शिकवून राहिली, तो अर्धी ओळ मागंच राहते. तो जित्ता असन तर आयकू आलाच पायजे."

"त्यायले मीच हळू गाले सांगतलं, बाई."

बाई हसल्या. म्हातारी माणसं आपली समजूत काढणाऱ्यांकडे पाहून हसतात तसं. "मन राखाले बोलून राहिला तू. चांगला पोरगा आहेस. चहा घेऊन जाजो."

येताना टेकचंदने मोटरसायकल दोनदा थांबवली. एकदा ट्रकला वाट द्यायला, आणि एकदा उगीचच. ज्या बाईंनी त्याच्या हातात पहिला माइक दिला, त्यांच्यापासून त्याने पन्नास माणसं हिरावून घेतली होती. आणि वर त्याला त्याचा अभिमान वाटत होता. आता तोंडाने सांगून उपयोग नव्हता. बाईंना ती माणसं ऐकवायलाच हवी होती.

पण कशी? माणसासमोर माइक धरला की माणूस बदलतो, हे टेकचंदइतकं कोणाला ठाऊक? निम्मे मुके होतील, निम्मे लग्नात भाषण करणाऱ्या पाहुण्यासारखे गातील, आणि केशोराव तर आधीच रुसलेले. मग त्याला आपलाच धंदा आठवला आणि त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. नाटकात तो काय करतो? माइक वर टांगतो. दोन प्रवेशांत नट विसरून जातो की डोक्यावर कोणी ऐकतंय. टांगता माइक सगळं ऐकतो, विंगेतलं भांडणसुद्धा. एकदा एका राजाने विंगेत मागितलेली तंबाखू अख्ख्या गावाने ऐकली होती.

पुढचा रविवार सुगीच्या उपासनेचा होता. धान कापून झालं की मंडळी पहिल्या धानाच्या पेंढ्या, भोपळे, तुरीच्या शेंगा, एखादी कोंबडी, जे शेतात-परसात पिकलं-वाढलं ते चर्चमध्ये आणते, देवाचे उपकार मानते आणि नंतर तिथेच एकत्र जेवते. छताखालच्या आडव्या लाकडी फाट्यांना लोंब्यांचे जुडगे बांधतात. शनिवारी दुपारी टेकचंद शिडीवर चढला आणि बाकांच्या बरोबर वर, दोन जुडग्यांच्या आत, त्याने नाटकातले दोन माइक टांगले. त्यांचा आवाज चर्चमधल्या बॉक्समध्ये येणार नव्हता, नुसता मोबाइलमध्ये जाणार होता. ही गोष्ट त्याने फक्त पास्टरना सांगितली. आपोआप माइक बंद करणारी सोय त्याने काढून टाकली.

रविवारी उपासनेआधी तो पुढे उभा राहिला. "मंडळी, मशीन बिघडली हाय. तुमचा आवाज आज आत जातच नाई. म्हणून मन मोकळं करून गा." त्याचे कान लालभडक झाले होते, पण ते ओळखणारं माणूस तिथे नव्हतं. पास्टरांनी वर छताकडे पाहिलं आणि बहुधा त्याच्यासाठी छोटी प्रार्थना केली.

गाणं सुरू झालं. महिनाभर कोंडलेला आवाज होता तो. टेकचंदने हेडफोन लावला आणि पहिल्यांदा त्याला ती माणसं ऐकू आली. पंखा कुरकुरत होता. हायवेवरून ट्रकने हॉर्न दिला. पाय बांधून ठेवलेली कोंबडी भोपळ्याआडून ओरडली. आणि सगळे ओळ संपवून थांबले, तेव्हा मागून एकटे केशोराव उरलेली अर्धी ओळ घेऊन सावकाश येऊन पोचले. टेकचंदला हे सगळं फार आवडलं. इतकं आवडलं की आपण नाटकवाले आहोत याची त्याला जराशी लाज वाटली.

घोटाळा प्रवचनात झाला.

पास्टर पेरणीवर बोलत होते. पेरणीवरून रोपांच्या रोवणीवर आले आणि रोवणीतच अडकले. तेवढ्यात हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, कोणीतरी कुजबुजलं, "रुख्मिणी वं, भात उतरवला का कोणी? पास्टर लय लांबवून राहिले."

टेकचंदने दचकून वर पाहिलं. दुसऱ्या बाकावर रुख्मिणी आणि तिची शेजारीण डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. बरोबर माइकच्या खाली.

"उतरवला," रुख्मिणी कुजबुजली. "पण वांग्याची भाजी पातळ झाली. मी चाखून आली."

चर्चमध्ये कोणालाच काही कळलं नाही. पण मोबाइलवर एकवीस जण ऐकत होते, त्यांत पास्टरांचे नागपूरचे सासरे होते. टेकचंदचा हात आपोआप टांगत्या माइकच्या बटणावर गेला. पब्लिक बोललं की आवाज कमी करायचा, हे त्या हाताला शिकवावं लागत नव्हतं. बटण खाली ओढणार, इतक्यात पुन्हा कुजबुज आली.

"पुढच्या बाकावर जागा हाय, मी पुढं जाऊ का वं? इथं पंखा लागत नाई."

"कोपऱ्यात नको बसू. रुमाल ठेवला हाय, दिसत नाई का? गीताबाईची जागा हाय ते."

"त्या का आता येऊन राहिल्या? अंजू तिकडंच ठेवीन त्यायले."

"येतील, नाई तर नाई येतील. मी तर दर रविवारी रुमाल टाकतो. केशोरावले बी बसू नाई देल्लं." रुख्मिणीने पुढच्या बाकाकडे हनुवटी केली. "गाणं सुरू कराच्या आंधी पोरीबी त्या रुमालाकडंच पाहतात. मीबी पाहतो. त्याच्याबिगर तोंडातून सूरच निघत नाई."

टेकचंदचा हात बटणावरच होता. त्याने ते खाली ओढलं नाही. हळूच वर सरकवलं, आणि रोवणीत अडकलेल्या पास्टरांना थोडं खाली घेतलं. माइक समोर धरलेल्या माणसाचा आवाज कमी करून पब्लिकचा वाढवायची तीस वर्षांतली ही त्याची पहिलीच वेळ होती.

उपासना संपली तरी अंजूचा फोन आला नाही. जेवणं झाली. भाजी खरंच पातळ होती, तिने पत्रावळीवर भाताला वळसा घालून पार दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेतली. टेकचंदने ती मुकाट्याने खाल्ली आणि दर घासाला मोबाइल पाहिला. कदाचित बाईंनी लावलंच नसेल. कदाचित मधेच बंद केलं असेल, नेमकं कोंबडीपाशी. बायका भांडी घासायला बसल्या, केशोराव वाट्याला आलेला भोपळा काखेत मारून घरी निघाले, तेव्हा फोन वाजला.

"भाऊ, आज सकाळी मी हाता-पाया पडून मायले मोबाइल लावून देल्ला," अंजू म्हणाली. ती धापा टाकत होती. "आंधी हासली, मंग रडली, आन् आता वॉकरवरचा टॉवेल काढून फेकला. खाटेपासून दारापर्यंत जाऊन आली. मी पकडाले गेली तर मलेच ओरडली. घ्या, बोलते तुमच्याशी."

टेकचंद भिंतीला टेकून उभा राहिला.

"टेकचंद," बाईंचा आवाज आला. दम लागलेला, पण वर्गातला. "भाजी खरंच पातळ होती का रे?"

"हो, बाई."

"मी नसली का असंच होते. केशोराव आयकू आला. अजून अर्धी ओळ मागंच आहे. त्याले सांगजो, मी येऊन राहिली, तालीम करून ठेव." मग त्यांनी दम घेतला. "आन् रुख्मिणीले सांग, रुमाल उचलू नको म्हणा. पण धुऊन टाकत जा. आता त्याच्यावर मी बसीन."

"सांगतो, बाई."

"तो वरचा माइक काढू नको. मी आली म्हणून का झालं? घरी कोणी ना कोणी पडून राहतेच."

टेकचंदने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि बोअरिंगच्या नळापाशी गेला. रुख्मिणी भाताचं मोठं पातेलं घासत होती. त्याने बाईंचा निरोप जसाच्या तसा सांगितला, रुमालासकट.

रुख्मिणीचा हात पातेल्यातच थांबला. "रुमालाचं त्यायले कोणी सांगतलं, टेकचंदभाऊ?"

"मशीन बिघडली होती न," टेकचंद म्हणाला.

रुख्मिणीने त्याच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. उघड्या दारातून आत, वर बांधलेल्या लोंब्यांच्या जुडग्यांकडे पाहिलं. जुडग्यातून खाली आलेली वायर तिला आता दिसली. आपण आणखी काय काय बोललो ते ती मनात मोजत असावी, कारण वांग्याच्या भाजीपाशी आल्यावर तिने पदर तोंडाला लावला. मग उठली, हात धुतले, आत जाऊन पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाचा रुमाल घेऊन आली आणि नळाखाली धरून साबण लावून चांगला खसखसून धुऊ लागली.